संग्रहालयातले स्वयंपाकघर
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी एका सभासद भगिनीने एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. मागे कोणी बचतीवर बोलल्या, कोणी मुलांच्या आरोग्यावर बोलल्या. या खेपेस चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्ही तेरचे आणि पुण्याचे अशी दोन संग्रहालये पाहिलीत, त्याविषयी बोला." मी म्हटले, "बोलेन, पण तलवारी आणि नाणी माझ्याच्याने सांगणे व्हायचे नाही. मी तिथे जास्त वेळ उभी राहिले ती पाटे, जाती, खवण्या आणि अडकित्ते यांच्यापुढे." त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा. आपल्या उपयोगाचे तेच." तेव्हा आज मी संग्रहालयातल्या स्वयंपाकघराविषयी बोलणार आहे.

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ढाली, तोफगोळे, भंगलेल्या मूर्ती असे काहीसे येते. त्यात आपले काय, असे आपल्याला वाटते. पण जुन्या गावाची जमीन उकरली की सर्वांत जास्त निघते ते खापर. खापर म्हणजे तरी काय? कोणा बाईच्या चुलीवर चढलेले आणि कधीतरी फुटलेले मडके. राजाची तलवार एक असते, ती गंजते किंवा लुटली जाते. मडके मात्र घरोघर असते, फुटते, उकिरड्यावर जाते, आणि तिथे हजार-दोन हजार वर्षे तसेच पडून राहते. भाजलेली माती काही कुजत नाही. म्हणून जमीन उकरणारे विद्वान लोक काळ ओळखताना मोठा भरवसा ठेवतात तो खापरावरच. आपल्या हातून कपबशी फुटली तर घरात चार शब्द ऐकावे लागतात. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायकांची फुटलेली भांडी सरकारने काचेच्या कपाटात ठेवली आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता तेरची हकीकत सांगते. आपल्यातल्या अकरा जणी तुळजापूरला दर्शनाला निघालो होतो. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर आहे. संत गोरोबाकाकांचे हे गाव. वाट थोडी वाकडी करून आधी गोरोबाकाकांचे दर्शन घ्यावे, असे सर्वांच्या मते ठरले. दर्शन झाल्यावर कोणीतरी म्हणाले, इथे जुन्या वस्तूंचे संग्रहालय आहे, तेही पाहून जा. काही जणी म्हणाल्या, उन्हाच्या आत तुळजापूर गाठू. पण बहुमत पाहण्याच्या बाजूने पडले.

हे संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने आहे. ते कोणी मोठे पंडित नव्हते, तेरचेच एक व्यापारी होते. तेर हे फार जुने गाव. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर पावसाळा झाला की मणी, बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या उघड्या पडतात. इतरांना तो कचरा वाटे. लामतुऱ्यांनी तो गोळा केला, जपला, आणि त्यांच्या संग्रहातून हे सरकारी संग्रहालय उभे राहिले. एका खेड्यातल्या दुकानदाराने हे केले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

तेरचे जुने नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक माणसाने समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला पेरिप्लस म्हणतात. त्यात आपले पैठण आहे आणि तगरही आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून साधे कापड व मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाते, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या गाड्या त्या काळी थेट समुद्राला लागत होत्या.

गाड्या गेल्या तशा काही वस्तू परतही आल्या. रोमन लोकांच्या दोन कानांच्या उभट सुरयांचे तुकडे तेरला मिळाले आहेत. अशा सुरयांतून द्राक्षांची दारू, जैतुनाचे तेल आणि मासे मिठात मुरवून काढलेला रस लांबलांबच्या मुलखांत जाई. तो माशांचा रस रोमन लोक जवळजवळ प्रत्येक पदार्थात घालीत. हे मी सांगितले तेव्हा माझ्या शेजारच्या माळकरी वहिनींनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "सुरई पाहिली तेवढे पुरे झाले."

तेरला हस्तिदंताची एक बाहुली आहे. तशीच एक बाहुली इटली देशातल्या पाँपेई या गावी १९३८ साली सापडली. पाँपेई हे गाव इसवी सन ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या भट्टीतले पाव राखेत काळे ठिक्कर पडले, परंतु त्यांचा आकार जसाच्या तसा राहिला. गोल पाव, वर आठ फोडींच्या खुणा. नेपल्सच्या संग्रहालयात ते ठेवलेले आहेत. बेकरीतली दगडी जातीही सापडली, ती माणसाच्या उंचीची आणि गाढवाकडून फिरवून घेतलेली. तिकडे दळायला गाढव होते. आपल्याकडे ते काम कोणाच्या वाट्याला आले, ते मी सांगायला नको.

आता पाट्याकडे येते. सातवाहन राजांच्या काळातला पाटा पाहण्यासारखा असतो. त्याला चार पाय असतात. एकाच दगडातून वरची फळी आणि खालचे पाय कोरून काढलेले, जणू दगडाचा चौरंगच. आमच्या मंडळींत त्यावर बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाली, वाटलेले मातीला लागू नये म्हणून पाय असतील. दुसरी म्हणाली, कमरेत वाकावे लागू नये म्हणून. तिसरी म्हणाली, "सासूबाईंनी खालून सरपटत येऊन पाहावे, म्हणून." हशा झाला. कारण काहीही असो, घडवणाऱ्याला वाटणाऱ्या बाईची काळजी होती असे दिसते, कारण पाय कोरून काढणे हे काही थोडे काम नव्हे.

पण खरी मौज पुढेच आहे. तो पाटा पाहून आपल्याला प्रथम काय आठवते? ठेचा. हिरवी मिरची, लसूण, वरून शेंगदाणे. आणि भगिनींनो, त्या पाट्यावर ठेचा कधीच झाला नाही! मिरची आपल्या देशात नव्हतीच. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो हे सारे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज लोक १४९८ साली समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्याला लागले, त्यानंतर ही पिके हळूहळू इकडे आली. त्याआधी तिखटपणा यायचा तो मिऱ्याने, पिंपळीने आणि आल्याने. आपली ज्वारी आणि बाजरीसुद्धा मूळची आफ्रिकेतली. मात्र ती फार म्हणजे फार जुन्या काळी आली आणि घरचीच झाली. म्हणजे आपण ज्याला अस्सल मराठवाड्याचे जेवण म्हणतो, त्या ताटातली भाकरी एका खंडातून आली आणि ठेचा दुसऱ्या खंडातून आला.

मग आपले स्वतःचे काय? तूर! तूर ही भारतातलीच. आणि तिच्यात आपल्या बदनापूरचाही वाटा आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आपल्या गावाला आहे. तिथे निघालेल्या तुरीच्या वाणांना बीडीएन असे नाव असते. बीडीएन ७११ पांढरी, बीडीएन ७१६ लाल. आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या शेतात ही पेरलेली असते, पण बीडीएन म्हणजे बदनापूर हे घरातल्या मुलांना विचारून पाहा, किती जणांना सांगता येते ते. उद्या दोन हजार वर्षांनी कोणी आपले गाव उकरले आणि त्याला जळालेले तुरीचे दाणे सापडले, तर त्यालाही हे कसे कळावे?

पाट्यानंतर जाते. पाटा आधीचा आणि जाते नंतरचे, हे मला ठाऊक नव्हते. नेवासे येथे, म्हणजे ज्ञानोबारायांच्या नेवाशाला, डॉ. हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. आपल्या मुलखातल्या अशा ठिकाणी अगदी खालच्या, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत जे सापडते ते पाट्यासारखे पसरट दगड. त्यावर गुडघे टेकून, पुढे-मागे घासून धान्य दळायचे. फिरवायचे गोल जाते येते ते पुष्कळ नंतर, सातवाहनांच्या काळाच्या सुमारास. ज्या कोणी पहिल्यांदा दगड घासण्याऐवजी फिरवला, त्याने बायकांच्या गुडघ्यांवर मोठे उपकार केले. जात्यापाशी दोघी समोरासमोर बसू शकतात, एक खुंटा दोघी धरू शकतात; आणि दोघी बसल्या की बोलणे आले, गाणे आले. आपल्या ओव्यांचा जन्म तिथलाच.

त्या ओव्या किती असाव्यात? पुण्याच्या हेमा रायरकर आणि गी पॉइटवां या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एकाही ओवीखाली मोठ्या कवीचे नाव नाही. या बायांनी कागदावर काही लिहिले नाही. पहाटेच्या अंधारात दळता दळता म्हटले आणि पीठ भरून उठल्या. कोणी ऐकायला आले म्हणून ते राहिले.

तेरला जात्याची एक तळी ठेवलेली होती. त्या वेळी शाळेची काही मुलेही तिथे आली होती. आपल्याबरोबर अक्का होत्या. त्यांचे नाव घेत नाही, तुम्ही सगळ्या ओळखाल. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून त्या पाट्या वाचीत नव्हत्या, वस्तूच पाहत होत्या. त्या तळीपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्याला खुटा न्हाई, माकडी न्हाई. हे गप झालेलं जातं हाय."

एका मुलाने विचारले, "आजी, माकडी म्हणजे काय?" मग अक्कांनी सांगायला सुरुवात केली. खालच्या तळीच्या मधोमध खीळ असते. वरच्या तळीच्या तोंडात आडवे लाकूड बसवतात, ती माकडी. तिच्यावर वरची तळी तोललेली असते. माकडी झिजली की जाते जड होते. डाळ करायची असेल तर खिळीला चिंधी गुंडाळायची, म्हणजे वरची तळी कणभर उचलली जाते, दाणा भरडतो आणि पीठ होत नाही. तुरीला आधी तेल-पाण्याचा हात लावून उन्हात वाळवावे लागते, नाहीतर साल सुटत नाही. दळून दळून तळी गुळगुळीत झाली की टाकी लावून घ्यायची. टाकी लावल्यावर पहिले दळण खायचे नाही, त्यात दगडाची कच येते, ते जनावराला घालायचे. आणि दळणाचा घास किती घालायचा, हे डोळ्याने ठरवायचे नाही, कानाने ठरवायचे. जात्याचा आवाज बदलला की हात आपोआप घास टाकतो.

मुले ऐकत राहिली, त्यांचे गुरुजी ऐकत राहिले, आणि तिथला कर्मचारीही जवळ येऊन उभा राहिला. इतका वेळ आम्ही पाहत होतो तो एक दगड होता. अक्का बोलल्या तेव्हा त्याचे जाते झाले.

येताना गाडीत यावरूनच वाद झाला. कोणी म्हणाल्या, जात्यावरचे पीठ गोड लागते, हल्लीच्या बायकांना कष्ट नकोत. त्यावर अक्काच म्हणाल्या, "गोड लागतं खाणाराला. दळणारीला इचारा." पहाटे तीनला उठून दळावे, मग पाणी, मग शेत. बाळंतपणाच्या आदल्या दिवशीही दळलेले आहे. गावात गिरणी आली त्या दिवशी त्यांनी गिरणीवाल्याच्या पोराला गूळ दिला होता. तेव्हा भगिनींनो, जुने ते सोने असे मी म्हणत नाही. जाते घरातून गेले हे चांगलेच झाले. कोणा सुनेने पुन्हा त्याच्यापुढे बसावे अशी माझी इच्छा नाही. माझे म्हणणे एवढेच, की कष्ट गेले, ते जावेतच. पण ते कोणी केले आणि कसे केले, याची ओळख त्यांच्याबरोबर जाऊ नये.

आता पुण्याच्या संग्रहालयाविषयी. हे राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. घरचा धंदा चष्म्यांचा. अज्ञातवासी या नावाने ते कविताही लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा छंद लागला, आणि पत्नी कमलाबाई यांनी त्यात त्यांना साथ दिली. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी संग्रहाला त्याचे नाव दिले, आणि पुढे सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत. मांडता येतात त्या त्यांतल्या थोड्या. केळकर १९९० साली वारले. एका मुलाच्या दुःखातून त्या माणसाने हजारो घरांतल्या वस्तूंना आश्रय दिला.

केळकरांचा मोठेपणा हा, की त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. दिवे, कुलपे, दौती, फण्या, आणि स्वयंपाकघरातले सर्व काही. खवण्या आणि विळ्या पाहाव्यात तर त्यांना जनावरांचे आणि पाखरांचे आकार दिलेले. अडकित्ते तर नाना तऱ्हेचे. सुपारी कातरायला दोन दांड्या आणि एक पाते पुरते; पण कारागिराने त्याचा पोपट केला, मोर केला, घोडा केला. पानदाने, चुन्याच्या डब्या, त्यांवरची नक्षी पाहून डोळे निवतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अडकित्ता कितीही देखणा असला तरी त्याची जागा आता संग्रहालयातच बरी. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच जाहीर केले. त्यात तंबाखू मिसळली की बोलायलाच नको. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुडीची सवय सुटलेली नाही, आणि आपल्यातल्या काही जणींची मिश्रीही सुटलेली नाही. पानाचा मान मोठा, हे मान्य. पण मान द्यायला आता बडीशेप पुरे.

तिथले शेवयांचे पितळी साचे मात्र मी डोळे भरून पाहिले. शेवयांवरून आठवले. जपानमध्ये ओसाकाजवळ इकेडा नावाचे एक गाव आहे. तिथे मोमोफुकू आंदो या गृहस्थाने १९५८ साली घरामागच्या खोपटात दोन मिनिटांच्या शेवयांची युक्ती शोधून काढली. शेवया तेलात तळल्या की त्यातले पाणी उडते आणि बारीक भोके पडतात; मग गरम पाणी घातले की त्या पुन्हा मऊ होतात. त्याची आठवण म्हणून १९९९ साली तिथे शेवयांचे संग्रहालय उघडले आणि ते खोपटही हुबेहूब उभारले. आपल्याकडे अहमदाबादला विशाला नावाच्या खाणावळीच्या आवारात १९८१ पासून नुसत्या भांड्यांचेच संग्रहालय आहे.

आता मनात असे आले, की खोपटातल्या एका शोधाचे संग्रहालय होते, तर आपल्या अंगणातल्या पाटावरच्या शेवया, गव्हले, मालत्या, बोटवे, नखुले यांचे काय? नखाएवढा गव्हला बोटांवर वळताना एकसारखा यायला वर्षांचा हात लागतो. पण तो खाल्ला की संपला. काचेच्या कपाटात टिकत नाही. म्हणून आपल्या आज्यांनी त्यासाठी निराळेच संग्रहालय काढले होते. त्याला रुखवत म्हणतात. दोन दिवस मांडायचे, सर्वांनी पाहायचे, करणारीचे नाव विचारायचे, आणि मग वाटून टाकायचे. हल्ली रुखवतात थर्माकोलचे बंगले आणि बाजारच्या बाहुल्या येतात. करणारीचे नाव कोणी विचारीत नाही, कारण करणारी कोणी नसतेच.

तांब्या-पितळेची भांडी पाहताना मला कल्हईची आठवण झाली. पितळेत आंबट शिजवले की कळकते आणि पोटाला अपाय होतो. म्हणून आतून कथलाचा हात द्यायचा. भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, धुराचा लोट उठला की कथील लावून कापसाने फिरवायचे. पाहता पाहता आतून चांदीसारखे व्हायचे. कल्हईवाला दारात बसला की गल्लीतली मुले गोळा व्हायची. स्टील आले आणि तो गेला. आता ती भांडी मोडीत जातात. मोडवाला वजन करतो, किलोचा भाव सांगतो. कोणाच्या लग्नात आले, त्यावर कोणाचे नाव कोरले आहे, याचा काट्याला काय उपयोग? पुष्कळ घरांत जाते न्हाणीच्या पायरीला लावलेले आहे, आणि पाट्यावर कपडे आपटतात. शहरातले हॉटेलवाले मात्र तेच जाते विकत नेऊन दारात शोभेला ठेवतात.

आणि आता मला जे मुख्य सांगायचे आहे ते सांगते. दोन्ही संग्रहालये पाहून झाल्यावर मी विचार केला, की आपले येथे काय नाही? तेव्हा ध्यानात आले, की १९७२ नाही.

आपल्यातल्या ज्या सत्तरीच्या पुढच्या आहेत त्यांना १९७२ म्हणजे काय ते सांगायला नको. मराठवाड्यात पाऊस गेला, विहिरी आटल्या. बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, कामावर सुकडी मिळाली. मिलोची भाकरी कशी थापायची, तिला चिकटपणा कसा आणायचा, कोणता पाला शिजवून खाता येतो आणि कोणता येत नाही, एका भाकरीचे पाच वाटे कसे करायचे, हे त्या बायकांनी शोधून काढले. इकेडाच्या खोपटातला शोध जर शोध असेल, तर हाही शोधच होता. त्यावर माणसे जगली. पण सुकडीची वाटी कोणी जपून ठेवली नाही. ती जपण्यासारखी वस्तू आहे असे कोणाला वाटले नाही. आणि ज्यांनी ती खाल्ली त्यांना ते दिवस आठवायलाही नको वाटतात. पानदान राहते, सुकडीची वाटी राहत नाही. असेच चालले तर पुढच्या लोकांना वाटेल, की आपल्या आज्या नक्षीच्या डबीतून विडे खात बसत होत्या.

तेरहून आल्यावर आपल्या मंडळात एक वही घातली. अक्कांनी सांगायचे आणि एकीने लिहायचे, असे ठरले. त्यांना ऐकू कमी येई, दम लागे, म्हणून एका बैठकीत अर्धे पान व्हायचे. जात्याची सर्व माहिती झाली, पेवाची झाली. पेव उघडल्यावर आत एकदम उतरायचे नाही, आधी दिवा सोडून पाहायचा. दिवा विझला तर आतली हवा मारणारी आहे असे समजायचे, हे त्यांनी दोनदा लिहून घ्यायला लावले. बाहत्तर सालाचे सांगायला त्या तयार नव्हत्या. शेवटी एके दिवशी म्हणाल्या, "लिही, पर पोरान्ला वाचून दाखव. नुसतं कपाटात ठिवू नको." त्या दिवशी दोन पाने झाली. या आषाढात अक्का गेल्या. वहीत त्यांची साडेनऊ पाने आहेत. दहावे पान अर्धे कोरे आहे. ते तसेच ठेवायचे आपण ठरवले आहे.

आपल्या मंडळाने संग्रहालय काढावे असे मी सुचवत नाही. आपल्याजवळ जागा नाही, पैसा नाही. पण तीन गोष्टी आपल्याला करता येतील. पहिली, घरातले जुने भांडे, पाटा, जाते मोडीत किंवा विकत द्यायचे असेल तर खुशाल द्या, पण देण्याआधी ते काय आहे, कोणाचे होते आणि कसे वापरीत, हे चार ओळींत वहीत लिहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. मोबाईल आता घरोघर आहे. दुसरी, दर महिन्याच्या सभेत एका वडीलधाऱ्या सभासदाला अर्धा तास बोलू द्यावे आणि दुसरीने लिहून घ्यावे. बोलणारीला विषय सुचवू नये. तिला जे सांगावेसे वाटेल ते सांगू द्यावे. तिसरी, सुट्टीत मुलांना घेऊन एकदा तरी तेरला किंवा जवळच पैठणला जावे. पैठणलाही जुन्या वस्तूंचे संग्रहालय आहे. आणि जाताना आपल्या सासूबाईंना, आईला बरोबर न्यावे. काचेवरची पाटी आपण वाचू, पण काचेच्या आत काय आहे ते त्यांनाच ठाऊक असते.

ज्यांना लिहायचा संकोच वाटतो त्यांनी तो सोडावा. मोठी भाषा नको. मिलोची भाकरी कशी थापली, हे जसे घडले तसे लिहिले की झाले. लामतुरे दुकानदार होते, केळकर चष्मे विकत होते. त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही.

पुढच्या महिन्याच्या सभेत पहिले नाव कोणाचे घ्यायचे, ते आजच ठरवावे अशी मी अध्यक्षबाईंना विनंती करते. वही चिटणीसबाईंकडे आहे. ज्यांच्या घरी १९७२ पाहिलेले माणूस आहे, त्यांनी सभा संपल्यावर त्यांना भेटावे.